शेलटीच्या पुलाचे कान

शेलटीच्या पुलाला कान बसवले तेव्हा वाडीने आधी त्याची भरपूर चेष्टा केली. आता पुलावर उभं राहून सासूबद्दल बोलायची सोय राहिली नाही, असं बायका म्हणायच्या. पुलाखाली सावलीत पत्ते कुटणारी मंडळी मुद्दाम खांबाला तोंड लावून पूल प्राधिकरणाच्या साहेबांना शिव्या घालायची. कान बसवणारी पूर्वा मेतर त्याच वाडीची, त्यामुळे ही सगळी चेष्टा तिला समोरासमोर ऐकावी लागे. ती हसून सोडून देई. शिकूनसवरून पोर मुंबईला गेली नाही, घरी आई आणि भावाजवळ राहून किनाऱ्यावरचे पूल सांभाळायची नोकरी तिने धरली, याचं वाडीला मनातून कौतुक होतं. आणि कौतुक असलं की आमच्याकडे चेष्टा चुकत नाही.

त्या काळात किनाऱ्यावरचे सगळे जुने पूल जणू ठरवून एकदमच म्हातारे झाले होते. एका पिढीने ते बांधले, दुसरीने वापरले आणि तिसरीच्या गळ्यात त्यांची दुखणी पडली. नवे बांधायचे तर किती आणि कधी बांधणार? तेव्हा आहेत त्यांच्यावर नीट नजर ठेवायची, असं ठरलं. नजर म्हणण्यापेक्षा कान म्हणणंच बरोबर.

शेलटीचा पूल दिसायला सगळा काँक्रीटचा, पण त्याचा जीव पोलादी तारांत होता. काँक्रीटला दाबलं तर ते केवढाही भार सोसतं. त्याला ताणलं की मात्र ते भेगाळतं. म्हणून पूल बांधतानाच त्याच्या पोटातून नळ्या टाकतात, त्यांतून तारांचे जुडगे ओवतात, यंत्राने करकचून ताणतात आणि दोन्ही टोकांना जखडून नळ्या सिमेंटने भरून टाकतात. ताणलेल्या तारा सतत आखडू बघतात आणि त्या ओढीत काँक्रीट सतत आवळलेलं राहतं. मग वरून एसटी जावो की चिऱ्याचा ट्रक, पुलाला भेग पडत नाही. तारा शाबूत तोवर पूल शाबूत.

तारांचं दुखणं आतलं असतं. नळीत कुठे पोकळी राहिली की तिथे खारी दमट हवा शिरते, तार गंजत जाते आणि एके दिवशी तुटते. बाहेरून रंग तसाच, कठडे तसेच. पूर्वी अभियंते होडीत बसून पुलाखाली जायचे, हातोडीने ठोकून आवाज बघायचे, दुर्बिणीने भेगा शोधायचे. त्यांना पुष्कळ कळायचं, पण आतली तार कळायची नाही.

तुटताना मात्र तार आवाज करते. टक्, असा एकच. वर उभ्या माणसाला तो ऐकू येत नाही, पण काँक्रीटमधून तो लांबवर पोचतो. पूर्वाने पुलाच्या पोटात जागोजागी ज्या तळहाताएवढ्या डब्या चिकटवल्या, त्यांत एक स्फटिक होता. हादरा आदळला की स्फटिकात क्षणभर वीज उपजायची. कोणत्या डबीला आधी ऐकू आलं आणि कोणत्या डबीला मागून, यावरून तार कुठे तुटली ते यंत्र सांगायचं. एखाददुसरी तार गेली तर चिंता नसते. एकाच जागी लागोपाठ जाऊ लागल्या की पूल बंद करायचा, एवढंच ते गणित होतं.

पहिल्याच महिन्यात पुलाने आकांत मांडला. ओहोटी लागली की तिसऱ्या खांबापाशी टक्, टक्, टक्. पूर्वा धावत पुलाखाली गेली आणि पाहते तर कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिची आई कालवं फोडत होती.

कालवं म्हणजे खाडीतल्या खडकाला चिकटून वाढणारी शिंपली. वरची शिंप कोयतीच्या टोकाने फोडायची आणि आतला गर काढून घ्यायचा. शेलटीच्या खडकांवरची कालवं केव्हाच सरली होती. पूल झाला आणि त्याचे खांबच नवे खडक झाले. ओहोटीला खांबांची बुडं उघडी पडत, तेव्हा वाडीतल्या बायका खाली उतरत. खांब वाटून घेतलेले होते. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण तिसरा खांब इंदूचा आणि द्वारकेचा हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. इंदू म्हणजे पूर्वाची आई. द्वारका खवणेकर तिची जन्माची सोबतीण. पुढे दोघींचं कशावरून तरी फाटलं. कशावरून ते दोघींनाही धड सांगता येत नसे. द्वारका चौथ्या खांबावर गेली आणि दोघी हाकेच्या अंतरावर, एकमेकींकडे पाठ करून कालवं फोडू लागल्या.

साळुंखेसाहेब पूर्वाचे वरिष्ठ, साताऱ्याकडचे. माणूस सरळ. ते म्हणाले, "मेतर, सोपा उपाय आहे. खांबांपाशी प्रवेशबंदी. एक फलक लावला की काम झालं."

"साहेब, त्या फलकाने अर्धी वाडी उपाशी राहील. मला महिनाभर द्या. यंत्राला कालवं शिकवते."

असली यंत्रं नियम पाठ करत नाहीत. त्यांना नमुने द्यायचे. हा आवाज अमक्याचा, हा तमक्याचा, असं हजारदा सांगितलं की त्यांचं तेच साम्य हुडकतात. पूर्वाने महिनाभर ओहोटीच्या वेळी खांबांपाशी ऐकू आलेला प्रत्येक आवाज गोळा केला आणि सगळ्यांवर एकच शिक्का मारला, 'कालवं'. वाहनांचे, पुलाच्या जोडांचे आणि प्रयोगशाळेत तोडलेल्या तारांचे आवाज वेगळे दिले. यंत्र शिकलं. रोजच्या अहवालात दोन ओळी येऊ लागल्या. तार: शून्य. कालवं: इतकी. साहेबांचा जीव भांड्यात पडला. आई तर वाडीभर सांगत सुटली, "पूर्वाच्या यंत्राक माजी कोयती वळाखता. दुसऱ्या कोणाची वाजली तर बोंब मारतला."

ही युक्ती किनाऱ्यावर सगळ्यांना हवीच होती, कारण खाडी तिथे कालवं आणि कालवं तिथे बायका. शेलटीत शिकलेलं यंत्र जसंच्या तसं उचलून इतर खाड्यांच्या पुलांवर बसवलं गेलं. पूर्वाला शाल-श्रीफळ मिळालं. पुढे होडीतून जाऊन हातोडीने ठोकायची पद्धतही बंद पडली. पूल चोवीस तास स्वतःला ऐकत असताना माणूस कशाला पाठवायचा, असं सगळ्यांनाच वाटलं. पूर्वालाही वाटलं.

अशी चार वर्षं गेली. मग आश्विनात आईला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली. डॉक्टरांनी काहीतरी नाव सांगितलं, ते पूर्वाच्या डोक्यात शिरलं नाही.

शेलटीत रीत अशी, की कालवं फोडणारी बाई गेली तर तिचं बारावं होईपर्यंत वाडीतली एकही बाई खाडीत उतरत नाही. तिच्या खांबाला तर कोणी हातही लावत नाही. घरात काही नसलं तरी बायका ही रीत मोडत नाहीत. आईच्या मयतीनंतर वाडीतल्या साऱ्या कोयत्या पडवीतल्या खुंट्यांना टांगल्या गेल्या आणि खाडी रिकामी झाली. पूर्वाला त्याचं फार बरं वाटलं. आपली आई कोणीतरी होती, असं तिला त्या रिकाम्या खाडीकडे बघून वाटायचं.

पाचव्या दिवशी तिने सवयीने मोबाइलवर अहवाल उघडला. तार: शून्य. कालवं: सात. ठिकाण: तिसरा खांब.

तिने मागचे दिवस बघितले. आदल्या दिवशीही होती. त्याच्या आदल्या दिवशीही. ज्या दिवशी आईला सरणावर ठेवलं, त्या दिवशीसुद्धा आईच्या खांबावर कोणीतरी कालवं फोडली होती. पूर्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मोबाइल भावापुढे धरला.

प्रमोदने बघितलं आणि एकच नाव घेतलं. "द्वारका. आणि कोण असतला? आये जाऊन पाच दिस नाय झाले, आणि हिका धीर धरवलो नाय."

पूर्वा तशीच उठली. द्वारकाकाकी अंगणात जाळं विणत बसली होती. पूर्वाला बघून तिने हातातलं काम ठेवलं आणि बसायला पाट सरकवला. पूर्वा बसली नाही.

"काकी, तू खाडयेत गेल्लंस?"

"ह्या दिसांत? कित्याक जातलंय गो?"

"आयेच्या खांबावर कालवां फोडलेली आसत. रोज."

"कोणी बगल्यान?"

"यंत्रान आयकल्यान."

द्वारका म्हणाली, "आमी भांडलों ता खरा. पण इंदूच्या सुतकात मी कोयती हातात घेवचंय नाय. तुका ह्या सांगूचा लागता?"

"यंत्र खोटा बोलना नाय, काकी."

"मगे खोटा कोण बोलता?"

पूर्वा काहीच बोलली नाही. न बोलून तिने जे सांगायचं ते सांगितलं. शेजारच्या दोन पडव्यांत बायका उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत वाडीत एकही घर उरलं नाही जिथे ही गोष्ट पोचली नाही. बाराव्याला द्वारकेला बोलवायचं नाही, असं प्रमोदने जाहीर करून टाकलं. विहिरीवर ती आली की बाकीच्या बायका घागरी उचलून चालू लागल्या. जन्मभराच्या ओळखीची ही गत व्हायला मोबाइलमधली एक ओळ पुरली. त्या दिवशी पूर्वाला मात्र आपलं काही चुकलंय असं वाटलं नाही. उलट आईच्या वतीने कोणीतरी उभं राहिलं, याचं तिला समाधान वाटत होतं.

अहवालातली कालवं काही थांबली नाहीत. आता हिला रंगेहाथ धरायचंच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला पूर्वा स्वतः पुलाखाली जाऊन बसली. ऊन मी म्हणत होतं. पाणी उतरत गेलं, खांबांची हिरवट बुडं उघडी पडली, तिसऱ्या खांबावरची कालवं स्पष्ट दिसू लागली. कोणी आलं नाही. चौथ्या खांबावरही नाही. साऱ्या खाडीत ती एकटी होती. वरून चिऱ्याने भरलेला एक ट्रक घरघरत गेला.

मोबाइल थरथरला. कालवं: एक. ठिकाण: तिसरा खांब.

पूर्वाने मान वर केली. खांब तिच्यापासून चार पावलांवर होता. त्याच्याजवळ चिटपाखरूही नव्हतं.

आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं. तिच्यासारख्या माणसाला पहिल्यांदा तसंच वाटणार. तिथेच दगडावर बसून तिने मागच्या सगळ्या नोंदी उघडल्या, आजवर ज्या उघडायची गरजच पडली नव्हती. अहवालात फक्त रोजची बेरीज यायची; कोणता आवाज कोणत्या वेळी आला, ते आत दडलेलं असायचं. तिने वेळा बघितल्या. कालवं भर भरतीतही फोडली गेली होती, खांबाचं बूड पुरुषभर पाण्याखाली असताना. पावसाळ्यात, खाडी लाल होऊन फुगलेली असताना. गणपतीच्या दिवशी, दिवाळीच्या पहाटे. खांबाच्या डोक्यावर, जिथे पुलाच्या तारा सगळ्यात वरून जातात आणि त्यांच्यावर सगळ्यात जास्त ओढ असते, तिथून चार वर्षं टक्, टक् असा आवाज येत होता आणि यंत्र इमानेइतबारे सांगत होतं, कालवं.

मग तिला मुळापर्यंत कळलं. ज्या महिन्यात तिने यंत्राला शिकवलं, त्याच महिन्यात तिसऱ्या खांबावरच्या तारा तुटू लागल्या होत्या. ओहोटीच्या वेळी जे ऐकू येईल ते सगळं कालवं, असं तिने सांगितलं होतं. त्यात आईच्या कोयतीचा आवाज होता आणि त्यातच थोड्या तारांचाही होता. प्रयोगशाळेत तोडलेली नवी तार वेगळी वाजते आणि नळीत कुजलेली तार वेगळी. कुजलेल्या तारेचा आवाज यंत्राने तिच्याकडूनच शिकला, आणि नावही तिनेच दिलं. पुलाचं दुखणं त्याला नेमकं ऐकू येत होतं. तिने त्याला त्याची काळजी न करायला शिकवलं होतं.

द्वारका तिला त्या क्षणी आठवली नाही. आठवायला वेळ नव्हता. पलतडच्या, म्हणजे खाडीपलीकडच्या, शाळेची बस सुटायची वेळ झाली होती.

ती चढण चढून वर आली आणि आपली गाडी पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. पलीकडच्या टोकाला प्राधिकरणाचा चौकीदार होता, त्याला फोन करून लोखंडी अडसर ओढायला सांगितलं. पुलावर मध्ये असलेल्या दोन रिक्षा आणि एक टेम्पो एकेक करून बाहेर काढले. लोक चिडले, हॉर्न वाजले, कोणी म्हणालं डोक्यावर परिणाम झालाय, परवाच आई गेली ना. तिने कोणालाही उत्तर दिलं नाही. शाळेची बस पलतडच्या टोकाला येऊन थांबली आणि मागे वळली, तेव्हा कुठे तिने साळुंखेसाहेबांना फोन लावला.

त्यांनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पूल बंद केलास ते उत्तम केलंस. आता लेखी काय देणार आहेस?"

"जे झालं ते."

"थांब जरा. 'तांत्रिक तपासणीसाठी बंद' एवढंच दे. मी आजच माणसं लावून तिसऱ्या खांबावर भोक पाडून बघतो. तारा गेलेल्या दिसतील, दुरुस्ती होईल. कालवांचं नावसुद्धा निघणार नाही. तुझं नाव निघणार नाही आणि त्या बायकांचंही."

पूर्वा कठड्याला टेकून उभी होती. खाली खाडी, आणि खाडीच्या काठाने तिची वाडी. साहेब तिच्या भल्याचं बोलत होते, आणि ते तिला ऐकावंसं फार वाटत होतं.

"साहेब, आपलं यंत्र आणखी किती पुलांवर आहे?"

उत्तराची वाट न बघता तीच पुढे बोलली.

"ते सगळेही असेच बहिरे आहेत. तिथल्या कालवांत किती तारा आहेत ते कोणाला माहीत नाही. मी कारण लिहिलं नाही तर तिथे कोणी बघायलाही जाणार नाही. उद्या तिथून बस जाईल."

"आणि कारण लिहिलंस तर पहिला हुकूम कोणता निघेल ते तुला माहीत आहे. खांबांपाशी प्रवेशबंदी. एका शेलटीत नाही, सगळ्या किनाऱ्यावर. मलाच तो काढावा लागेल, मेतर. दुसरं काही लिहिताच येणार नाही मला."

"माहीत आहे."

"तुझ्या आईचं बारावं व्हायचंय अजून."

"साहेब, आता बोलायला लावू नका. लिहून पाठवते."

तिने गाडीत बसूनच लिहिलं. काय झालं, कोणी केलं, कोणत्या पुलांवर तेच यंत्र आहे. चूक यंत्राची म्हणून तिने कुठेही लिहिलं नाही. आईच्या जागेसाठी आपण हे केलं होतं आणि आता आपल्याच हाताने ती जागा बंद करतोय, या विचाराने तिला रडू कोसळलं. ती रडतरडतच लिहीत होती. बाहेर लोक काचेतून बघत होते, त्याची तिला लाज वाटली नाही.

चार-पाच दिवसांत किनाऱ्यावरचे पूल एकेक करून बंद झाले. तपासणी पथकाने शेलटीच्या तिसऱ्या खांबावर काँक्रीट फोडलं तेव्हा जुडग्यातल्या निम्म्याहून जास्त तारांची नुसती गंजकी टोकं दिसत होती. पथकातल्या वयस्क अभियंत्याने आत डोकावून बघितलं आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं. उत्तरेकडच्या आणखी दोन खाड्यांवर तसंच निघालं. एकही माणूस दगावला नाही. वर्तमानपत्रांत पूर्वाचं नाव आलं, काहींनी तिला दोष दिला, काहींनी धाडसाचं कौतुक केलं. तिने ते वाचलं नाही.

बाराव्याला पलतडची माणसं येऊ शकली नाहीत. त्यांत सख्खा मामाही होता. होडी करून या, असं प्रमोदने कळवलं होतं, पण खांबांच्या आसपास होड्यांनाही बंदी आली होती. वाडीच्या उतरणीवर, जिथून बायका खाडीत उतरायच्या, तिथे प्राधिकरणाने फलक लावला. खांबांपासून ठरावीक अंतराच्या आत जो कोणी जाईल त्याच्यावर कारवाई होईल. बायका तिथपर्यंत आल्या, त्यांनी एकमेकींना तो वाचून दाखवला आणि परत फिरल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. पूर्वाला तो आरडाओरडा चालला असता.

प्रमोद जेवण वाढता वाढता म्हणाला, "आये जलमभर ज्या खांबावर उबी ऱ्हवली, तो तिच्या बाराव्याआधी तू बंद केलंस."

"होय," ती म्हणाली.

"दुसरी वाट नाय होती?"

"होती. ती वाट धरली असती तर खंयचो तरी दुसरो पूल पडलो असतो."

प्रमोदने तिच्या पानात भात वाढला आणि तो शेजारच्या पंक्तीकडे गेला. पंक्तीत एक पान रिकामं होतं. ते कोणाचं हे कोणीच बोललं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. द्वारकेने खोटं सांगितलं नव्हतं हे आता वाडीला कळलं होतं. चार जणींनी तिला बोलवायला जायचं म्हटलं, आणि कोणीच गेलं नाही. जायचं कोणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पंगत उठल्यावर पूर्वा निघाली. वाटेत ती काय बोलायचं ते जुळवत होती. तारा, नमुने, कुजलेल्या पोलादाचा आवाज, हे सगळं काकीला कसं समजावून सांगायचं याची तिने मनात उजळणी केली. हे समजलं की काकीचा राग जाईल, असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं.

द्वारका दारातच उभी होती. या खेपेला तिने पाट सरकवला नाही.

"काकी, माजा चुकला," पूर्वा म्हणाली. "यंत्र चुकीचा सांगी होता. ती कालवां नाय होती, पुलातल्यो तारो तुटत होत्यो. आता सगळी तपासणी झाली. तू गेलंस नाय, ता सिद्ध झाला."

द्वारकेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिचा चेहरा रागीट नव्हता. फार थकलेला होता.

"यंत्रान सांगल्यान मी चोर म्हणान, तेवा इलंस," ती म्हणाली. "आता यंत्रान सांगल्यान मी चोर न्हय म्हणान, तर परत इलंस. माज्या मांडयेर खेळान मोठा झालला चेडू तू. माज्या तोंडाकडे बगून, माज्या सबदावर इस्वास ठेवन तू कदी येतलंस?"

पूर्वाने जुळवून आणलेल्या शब्दांतला एकही तिथे चालण्याजोगा नव्हता. ती तशीच अंगणात उभी राहिली. द्वारकेने दार लावून घेतलं नाही, आणि तिला आत ये असंही म्हटलं नाही.